नवसाची कॉफी

रेमीचं गोळ्यांचं व्यसन सुटावं म्हणून त्याची आई ओडीलबाई ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी नवस बोलल्या, ईस्टरपर्यंत कॉफीचा थेंब घेणार नाही. दुसऱ्याच दिवसापासून डोकं करकचून आवळल्यासारखं दुखू लागलं. डॉक्टरांनी तीन औषधांची एकत्र गोळी लिहून दिली आणि बजावलं, "आठवड्यातून दोनच दिवस घ्यायची हं, हिची सवय लागते."

दोन आठवड्यांतच ओडीलबाई पुन्हा औषधांच्या दुकानात.

"मावशी, महिन्याच्या गोळ्या इतक्यात संपल्या?" काउंटरवरच्या मुलीने हळूच विचारलं.

"संपतात कसल्या! हात थरथरतो गं माझा, अख्खी बाटली सिंकमध्ये उपडी झाली बघ."


ही थाप मुळात रेमीची. ऐकून ऐकून त्यांना पाठ झाली होती.