जोडीचा फोटो

होडीत तीन माणसं होती. चार रॉड, गळाला लावायचे सहा रबरी बेडूक, अर्धा भरलेला एक निळा टब, एक मोजपट्टी आणि दोन फोन. लाइफ जॅकेट एकही नव्हतं. टबात चोपन्न सेंटीमीटरची एक मरळ होती. ती हितेंद्रने सहा मिनिटांपूर्वी काढली होती.

वल्ही रत्नाच्या हातात होती. नवऱ्याला, भटूला, ताप होता, म्हणून या दोन हौशी गळवाल्यांसाठी आज नाव तिने आणली होती. वल्हवणाऱ्याची पाठ पुढच्या बाजूला असते. पुढे बसलेल्या हितेंद्रने बेडूक नेमका कुठे फेकला होता ते तिला दिसलं नव्हतं. आता तिने मान वळवून पाहिलं.

लव्हाळ्याजवळ, दहा-बारा फुटांवर, पाण्यात तांबूस रंगाचा एक गोळा होता. परातीएवढा. पाणी तिथे उकळी फुटल्यासारखं हलत होतं. बोटाच्या पेराहून लहान पिल्लं, हजारभर तरी, वर येत होती, खाली जात होती, पण गोळा सोडत नव्हती.

"भाऊ, तठे टाकू नका. मरळनी पिल्ला शेतस."

"म्हणून तर टाकायचं, ताई," हितेंद्र हसला. "पिल्लांवर बेडूक पडला की आई-बाप चिडून येतात. पोट भरलेलं असलं तरी. हमखास."

"ते टबमधलं पहिले सोडा. मच्छीमार सोसायटीमां भांडीसन मी हाऊ काठ बंद करेल शे. दोन महिना आम्ही आठे जाळं टाकेल नही. बठ्ठा काठवर यंदा हाऊ एकच गोळा शे."

"आम्ही कुठे जाळं टाकतोय?"

मागे बसलेला श्रेयांस उभा राहिला. होडी डुलली. त्याने रत्नाच्या डोक्यावरून रॉड फिरवला. "एकच," तो म्हणाला.

बेडूक गोळ्याच्या कडेला पडला. त्याने तो दोनदा झटकला. तिसऱ्यांदा झटकायची वेळ आली नाही. पाणी फुटलं आणि रीळ करकरलं.

दुसरी मरळ सत्तावन्न सेंटीमीटर भरली.

"जोडी!" हितेंद्र ओरडला. "अख्ख्या धुळ्यात कुणाकडे जोडीचा फोटो नाही."

"सोडा त्यास्ले," रत्ना म्हणाली. "आते."

"ताई, काळजी करू नका," श्रेयांस समजावणीच्या सुरात म्हणाला. "मरळ हवेत श्वास घेते. बाहेर बराच वेळ तग धरते. आणि मी मारत नाही. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. नऊ वर्षं गळ टाकतोय, एकही मासा मारलेला नाही. फोटो काढतो, सोडतो."

यातला एकही शब्द खोटा नव्हता.

"तुमले खावानं नही, मंग काढतस कसाले?"

श्रेयांस अर्ध्या बुडालेल्या बाभळीच्या सावलीकडे बघत होता. "इथे उजेड कमी आहे. नाव जरा उन्हात घ्या ना."

रत्नाने दोन्ही वल्ही पाण्यातून काढून आडवी ठेवली. "नाव आठेच राही."

मग सावलीतच फोटो सुरू झाले. हितेंद्रने टबातली मरळ छातीशी धरली, फोन लांब हाताने वर केला. श्रेयांसने आपली मरळ जबड्याला धरून टांगली. पहिला फोटो हलला. दुसऱ्यात शेपटी कापली गेली.

गोळ्याखाली पाणी एकदम काळवंडलं. राखण उठली तशी पिल्लं खाणाऱ्या चिलापी माशांची झुंड आली होती. तांबूस रंगाला एका बाजूने खाच पडली. मग दुसऱ्या बाजूने. वर बाभळीवर बसलेला पाणकावळा खाली उतरला आणि सरळ मधून बुडी मारून गेला.

रत्नाने वल्हं उचललं आणि पाण्यावर सपकन आडवं मारलं. चिलापी फुटली, परत आली. तिने पुन्हा मारलं. होडी एका कडेवर झुकली.

"ओ ताई! बुडवाल आम्हाला!"

"बुडतस तं बुडा!"

"फक्त एक मिनिट. यात माझे डोळे मिटलेत," हितेंद्र फोनकडे बघत म्हणाला.

रत्नाने वल्हं टाकलं. हितेंद्रच्या हातातून मरळ ओढून घेतली आणि पाण्यात सोडली. श्रेयांसकडे वळली. तिचा चेहरा पाहून त्याने आपली स्वतःच खाली सोडली. दोन्ही सावल्या लव्हाळ्याकडे गेल्या, जिथे गोळा होता तिथे फिरल्या, पुन्हा फिरल्या. दुसरी मरळ गळाला लागल्यापासून अकरा मिनिटं झाली होती.

पाणी स्थिर झालं. पाणकावळा बाभळीवर पंख पसरून बसला.

"पळाली असतील," हितेंद्र म्हणाला. "पसरतात ती."

"कोठे?"

त्याने चारी बाजूंना पाहिलं.

रत्नाने तिचा जेवणाचा डबा उघडला. भाकरी फडक्यावर काढून ठेवली. एका वल्ह्याने नाव लव्हाळ्यात घातली, ओणवी झाली आणि काड्यांमधून डबा हळूच फिरवला. चार ठिकाणी. जिथे तांबडं दिसलं तिथे सगळीकडे. मग तो श्रेयांसच्या मांडीवर ठेवला.

"मोजा. शिकेल शेतस ना तुम्ही."

"ताई, आपण आता..."

"मोजा. मोजशात नही तवलोंग नाव काठले लागाव नही."

श्रेयांसने डबा उजेडाकडे तिरका केला. पिल्लं एका कोपऱ्यात गोळा होत होती, पुन्हा सुटत होती. तो बोट न बुडवता मोजू लागला. मध्येच चुकला, पहिल्यापासून सुरुवात केली.

"तेवीस," तो म्हणाला.

रत्नाने वल्ह्याला हात लावला नाही.

त्याने पुन्हा मोजली. तेवीस.