इंदिराबाईंनी घेतलेली हजेरी

इंदिराबाई शेजारच्या माणसापर्यंत येऊन पोचल्या, तेव्हा केशवरावांनी डोक्यावरची टोपी सारखी केली.

"हे नरहर," इंदिराबाई म्हणाल्या. "भूगोलाच्या तासाला बाकाखाली बोरं खायचे आणि बिया पुढच्याच्या कोटाच्या खिशात टाकायचे."

सगळे हसले. नरहर आता तहसिलीत हेडक्लार्क होते, पण कान लाल व्हायचे ते झालेच.

एकोणतीस सालचा मॅट्रिकचा वर्ग सत्तावीस वर्षांनी एकत्र आला होता. वर्ध्याला वकिली करणाऱ्या मनोहररावांनी एकेकाला हुडकून काढलं होतं आणि नालवाडीतल्या आपल्या घरासमोर निंबाखाली सतरंज्या अंथरल्या होत्या. रोडगे आणि वांग्याच्या भाजीवर ताव मारून मंडळी सुस्तावली, तशी मनोहररावांना खोडी काढायची लहर आली. वर्गात इंदिरा ही एकटीच मुलगी. ती मास्तरांच्या मागून वर्गात यायची, मास्तरांच्या मागून जायची, आणि एका मुलाशी म्हणून ती कधी बोलली नव्हती. आता त्या हिंगणघाटला मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. लग्न केलं नव्हतं.

"आमच्यातल्या एकाचं तरी नाव मालूम होतं का तुमाले?" मनोहररावांनी विचारलं. त्यावर इंदिराबाईंनी पदर खोचला आणि चक्क हजेरीच घ्यायला सुरुवात केली.

आपलं नाव कधी येतं, याकडे केशवरावांचे कान लागले होते. घरात जावई आलेल्या माणसाला हे शोभत नाही, हे त्यांना कळत होतं. पण आंजीहून पहाटे दमणीला बैल जुंपून ते आले होते, ते काही रोडग्यांसाठी नव्हे.

मॅट्रिकच्या वर्षी इंदिरेचे वडील आंजीला आले होते. पत्रिका जुळली, सुपारी फुटली. मग केशवच्या आजीने मोडता घातला. एवढी शिकलेली सून चुलीपुढे बसायची नाही, असं तिचं म्हणणं. घरात आजीपुढे कोणाचं चालत नव्हतं. केशवची रवानगी कारंज्याला मामाकडे झाली आणि पुढच्या वर्षी दुसऱ्याच मुलीशी त्याचं लग्न लागलं. संसार चांगला झाला. बायको जाऊन आता चार वर्षं झाली होती. पण एक गोष्ट त्यांना कधीच कळली नव्हती. त्या सुपारीची इंदिरेला खबर तरी होती का? त्या काळी मुलीला कोण विचारत होतं, कोण सांगत होतं! आपण तिच्या लक्षात असावं, एवढंच त्यांना हवं होतं. इतकं वय झाल्यावर एवढ्यासाठी जीव टांगणीला लागावा, याचं त्यांना हसूही येत होतं.

इंदिराबाई त्यांच्यासमोर आल्या. त्यांची नजर क्षणभर टोपीवर थांबली आणि खाली गेली.

"यांचं नाव नाही येत," त्या म्हणाल्या आणि पुढे सरकल्या. "हे कृष्णकांत. यांची दौत रोज सांडायची."

"अवो, केशवले काऊन सोडलं?" नरहर म्हणाले. "आंजीचा हा. आठवून पाहा बरं."

"नाही येत म्हटलं ना." हा आवाज शाळेतला होता.

"मी मागच्या बाकावर बसत होतो," केशवराव हसत म्हणाले. "बाईले काय दिसीन मी?"

सगळ्यांबरोबर तेही हसले. पण नंतर इंदिराबाईंनी घंटा वाजवणाऱ्या शिपायाचंसुद्धा नाव सांगितलं, तेव्हा मात्र त्यांना तिथे बसवेना. ते उठून विहिरीपाशी जाऊन उभे राहिले. फार वाईट वाटत होतं, आणि ते कोणाला सांगण्यासारखं नव्हतं.

थोड्या वेळाने इंदिराबाई हात धुवायला तिकडे आल्या. केशवरावांनी धीर केला.

"मी केशव. आंजीचा."

"हो," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "उन्हात उभे राहू नका. जेवताना सारखा ठसका लागत होता. खोकला जुना आहे का?"

"हाये थोडा."

"ज्येष्ठमधाचा काढा घ्यावा. रोज घ्यावा, आठवण झाली की नव्हे."

एवढं बोलून त्या घरात गेल्या. बाई शाळेतल्या मुलींनाही अशाच दटावत असतील, असं केशवरावांच्या मनात आलं.

उन्हं कलली, तशी मंडळी पांगली. मनोहरराव दोघा-तिघांना स्टेशनवर पोचवायला गेले. केशवरावांचा गडी बैलांना पाणी दाखवायला गेला होता, म्हणून ते ओसरीवर बसून राहिले. आत स्वयंपाकघरात मनोहररावांची बायको सुलोचना उरलेले रोडगे बांधत होती आणि इंदिराबाई तिला हातभार लावत होत्या. दार उघडंच होतं.

"एक म्हणू का बाई?" सुलोचनाचा आवाज आला. "केशवराव लई हिरमुसले जी. साऱ्यायचं नाव घेतलं तुमी, त्याइचंच नाई."

भांड्यांचा आवाज थांबला.

"पाहिलं मी," इंदिराबाई म्हणाल्या.

"मंग आता तरी घ्या. बाहीर बसून हायेत ते. जाता जाता एक डाव केशवराव म्हणून हाक मारा. खूष होतीन बिचारे."

केशवरावांनी खोकल्याची उबळ दाबून धरली.

"सुलोचनाबाई," इंदिराबाई हळूच म्हणाल्या, "तुम्ही कधी तुमच्या यजमानांचं नाव घेता का?"