आवडाबाईचा जीव कशात अडकला

रतनचं लग्न ठरलं ते साल १९५७. हळदीला आठ दिवस उरले होते आणि रतनच्या आजीला, आवडाबाईला, जमिनीवर घेतलं होतं. सारवलेल्या जागेवर घोंगडी, उशाशी तुळशीचं पान घातलेला तांब्या. शिमग्यापासून म्हातारीनं अंथरूण धरलं होतं. सून केसर तिला पेज पाजायची आणि दुसऱ्या कुणाला जवळ फिरकू द्यायची नाही. आदल्या दिवशी केसरनंच निरोप धाडले, की आता काही खरं नाही, येऊन तोंड बघून जा.

माणसं आली. मुंबईची लाँचनं मोरा बंदरात उतरून आली. चार वर्षांत ज्यांनी या घराचा उंबरा ओलांडला नव्हता, ती भिंतीला टेकून बसली आणि आवडाबाईची आठवण काढून रडायला लागली.

आवडाबाई धवलारीण होती, भटाच्या जागी धवले म्हणजे लग्नाची गाणी गाऊन लग्न लावणारी. उरणच्या अंगाला आगऱ्यांच्या पाड्यांत लग्न लागायचं ते तिच्या धवल्यांनी. धवले सगळ्याच धवलारिणी गायच्या. पण ही आदल्या दिवशी नवरीजवळ जाऊन बसायची, तिला काय काय ते विचारायची, आणि मांडवात त्या पोरीचं स्वतःचं गाणं उभं करायची. केसरच्या लग्नात तिनं गायलं होतं, की उधाणाच्या पाण्यानं बांध फुटला तेव्हा ही पोर चिखलात आडवी पडली आणि माणसं येईतोवर पाणी अडवून राहिली. चिखलातल्या त्या पोरीला तोवर कुणी शाबास म्हटलं नव्हतं. आपल्या रतनलाही तसं गाणं मिळावं, एवढंच केसरला हवं होतं.

पण केसरचा नवरा हरेश्वर गोदीत मुकादम झाला होता आणि सुधारला होता. चार वर्षांमागं थोरल्या मुलाच्या, रावजीच्या लग्नात त्यानं भट आणला, कर्णा लावला आणि आईला चुलीमागं बसवलं. कुणी विचारलं तर आईचा घसा बसलाय म्हणून सांगितलं. मुकादमाच्या घरी भट आला म्हटल्यावर सगळ्या पाड्यालाच धवल्यांची लाज वाटायला लागली. तेव्हापासून आवडाबाईला एकाही मांडवातून बोलावणं आलं नाही. रतनच्या लग्नालाही भट सांगून झाला होता.

आता हरेश्वरचा चुलतभाऊ गुणाजी म्हणत होता, की असा गळा साऱ्या तालुक्यात झाला नाही. कर्णा त्यानंच आणून दिला होता. हरेश्वरची बहीण नीराबाई ऊर बडवून सांगत होती, की आईनं सगळे धवले मलाच दिले. शेजारची ठमी म्हणाली, मग एखादा म्हण की गो. नीराबाईला खोकला आला तो बराच वेळ थांबला नाही. केसर एकेकाकडं बघत दाराशी उभी होती. तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं, आणि बायकांनी ते एकमेकींना दाखवलंही.

दुपार कलली. आवडाबाईचा श्वास चालूच होता. चारची लाँच चुकेल म्हणून माणसं चुळबुळायला लागली. पडवीत गुणाजी हळूच म्हणाला, की म्हातारीनं मुहूर्त बरा गाठला, आता सुतकात लग्न पुढं ढकला. रडण्यालाही काही दम असतो. तो संपत आला होता.

तेव्हा केसर सगळ्यांदेखत नवऱ्याला म्हणाली, "आत्यांचा जीव कशात तरी अडकलाय. तोंडात पानी घाला आनि इचारा."

पाड्यात लहान पोरालाही ठाऊक होतं, की मरत्या माणसाच्या तोंडात तुळशीचं पाणी घालताना दिलेला शब्द मोडता येत नाही. जो मोडतो त्याच्या घरी कुणी पानावर बसत नाही. हरेश्वरलाही ते ठाऊक होतं. पण म्हातारीचे डोळे मिटलेले त्याला दिसत होते, आणि बसलेली माणसं दिसत होती. मेलेल्याला शब्द द्यायला मुकादमाचं काय जातं. त्यानं तांब्या उचलला आणि आवाज चांगला भरून आणला.

"आई, तुजा जीव रतनच्या लग्नात हाय. मी सगल्यांदेखत सांगतो, तुज्या तोंडच्या धवल्याबिगर रतनचं लगीन लागनार न्हाय. भटाला दारात उभा करनार न्हाय."

घरात एकच हुंदका उठला. नीराबाईचा सगळ्यांत मोठा. हरेश्वरनं पाणी घातलं. आवडाबाईनं एक घोट घेतला, दुसरा घेतला, मग डोळे उघडले.

"मंग भटाला सांगून ये," ती म्हणाली. "आनि रतनला धाड माज्याकडं. पोरीला इचारायचं हाय."

गुणाजी चपला शोधायला उठला. चारची लाँच कुणाचीच चुकली नाही.

लग्न धवल्यांनी लागलं. रतनचं गाणं ऐकून नवऱ्यामुलाची आई पदर डोळ्यांना लावून बसली. त्यापुढं आवडाबाईनं घरच्या पाहुण्यांची नावं घेतली आणि कोण किती रडलं तेही गाऊन टाकलं. व्याह्यांना हसू आवरेना. हरेश्वरनं मात्र गोदीत सांगितलं, की मी पाणी घातलं आणि आई मरणातून उठली. लोकांनी त्याला मातृभक्त म्हटलं. पाड्यातल्या पोरींच्या बापांना ते पटलं असावं, कारण पुढच्या वैशाखापासून धवलारिणीला पुन्हा बोलावणी यायला लागली, आणि सात वर्षं येत राहिली.

आवडाबाई १९६४ सालच्या श्रावणात चार दिवसांच्या तापानं वारली. जन्मात तिला आलेलं ते पहिलंच आजारपण.