काठी मागं नेण्याची रीत

“झटका देऊ नका, मालक. साप मारायचा न्हाई.”

धुळाजीचं हे बोलणं ऐकून मोहनरावांनी काठी खाली टेकवली, घाम पुसला आणि समोरच्या पांढऱ्या चेंडूकडं असं पाहिलं, जणू तो विरोधी पॅनेलचा उमेदवार असावा.

साल बहात्तर. चौसाळ्याच्या पल्याडच्या त्या माळावर इतका दुष्काळ होता, की गावच्या कावळ्यांनीसुद्धा गोदाकाठी बदली मागून घेतली होती. मोहनराव नियोजित साखर कारखान्याचे चेअरमन. कारखाना अजून कागदावर होता, चेअरमन मात्र खरेखुरे होते. कारखान्याला जागा हवी होती ती याच गायरानाची, दोनशे एकर. दिल्लीहून एक साहेब माळ बघायला येणार होते. साहेबांचा नियम कडक. जिथं जनावर चरतं, त्या जमिनीवर सही नाही.

आणि साहेबांना गोल्फचं वेड. सोबत चार टोले मारल्याशिवाय त्यांना माणसाची ओळखच पटत नाही, अशी बातमी होती. म्हणून मोहनरावांनी पुण्याच्या जुन्या बाजारातून लोखंडी तोंडाची काठी, डझनभर चेंडू आणि चित्रांचं एक पुस्तक आणलं होतं. काठी मागं नेताना पहिल्या हातभरातच सगळा खेळ आहे, सुरुवात बिघडली की पुढं देवही सावरत नाही, असं पुस्तक सांगत होतं. मोहनरावांची सुरुवातच बिघडत होती. जन्मभर बैलांवर आसूड ओढलेला हात तो. हिसका मारल्याशिवाय हलायचाच नाही.

मग एके दिवशी त्यांना मेंढपाळ धुळाजी दिसला. बाभळीखाली पडलेल्या शेंगा तो काठीनं मेंढरांपुढं पसरत होता. काठी जमिनीला घासत, सावकाश, मनगट न मोडता, थेट खांद्यातून मागं. मोहनरावांनी पुस्तक उघडून बघितलं. हुबेहूब तेच चित्र.

“धुळाजी, उद्यापासून तू माझा मास्तर.”

“मी? कावून थट्टा करता गरिबाची?” धुळाजी हसला. पण यायला लागला.

रोज सकाळी मेंढरं ओढ्यापल्याड कोंडून, नव्यानं आलेली सून मनकर्णा हिच्या ताब्यात देऊन तो एकटाच यायचा.

“निजलेलं कोकरू सरकवावं तशी न्या. उचलू नका. मुरमावर घासत न्या. खर्रर्र वाजलं पायजे.”

“पुस्तकात खर्रर्र नाही, बे.”

“पुस्तक लिवणाऱ्याकडं मुरूम न्हाई, मालक. आन टोला हाणायच्या आदी तीन डाव नुसतीच न्यायची. खर्रर्र, खर्रर्र, खर्रर्र. मंग हाणा.”

पंधरा दिवसांत हात मऊ झाला. मोहनरावांना त्या सकाळींची चटक लागली. टोले संपले की दोघं दगडावर बसून धुळाजीच्या डब्यातली चटणी-भाकर खायचे. एकदा धुळाजीनं हळूच विचारलं, “कारखाना झाल्यावर मेंढरं कुटं न्यायची, मालक?”

“तुला कारखान्यात वॉचमन करू की!”

“मला कराल हो,” धुळाजी म्हणाला, “मेंढरांला काय कराल?”

मोहनराव हसले. धुळाजीही हसला.

साहेब आले तो दिवस निरभ्र होता. माळावर चिटपाखरू नव्हतं. मेंढरं लांब ठेवायला मोहनरावांनी बजावलं होतं आणि धुळाजीनं मान डोलावली होती. साहेबांनी चारी दिशांना पाहून फायलीवर ‘पडीक’ लिहायला पेन काढलं, तेवढ्यात त्यांना चेंडू दिसला. डोळे चमकले. आधी तुम्ही, म्हणाले.

मोहनराव उभे राहिले. श्वास सोडला. खर्रर्र. खर्रर्र. खर्रर्र. साहेब पुटपुटले, सुरुवात फार सुंदर. चौथ्यांदा काठी मागं गेली आणि आयुष्यातला सर्वांत देखणा टोला बसला. चेंडू उंच गेला, ओढ्यावर पोचला, आणि त्याच्या खालून, धुरळा उडवत, तीनशे मेंढरं माळावर चढली.

साहेबांना कौतुक करायचं होतं, पण चहूबाजूंनी लोकरच लोकर. त्यांनी मेंढरं मोजायचा प्रयत्नही केला नाही. पेन खिशात ठेवलं आणि गाडीकडं निघाले.

धुळाजीनं पाय धरले. “लांडगा मागं लागला, मालक! मनकर्णाच्या हातात ऱ्हायली न्हाईत. मारा मला.”

मोहनरावांनी त्याला उठवलं. लांडग्याला कोण काय करणार? कारखाना दुसऱ्या गावाला गेला. मोहनरावांनी काठी खुंटीला टांगली ती पुन्हा उतरवली नाही. लोक त्यांना मरेस्तोवर ‘नियोजित’ म्हणणार हे ठरून गेलं. पण धुळाजी विसरला नाही. दर दिवाळीला स्वतः विणलेलं घोंगडं घेऊन यायचा आणि ओसरीवर मान खाली घालून बसायचा. एवढी माया सख्ख्या भावानंही केली नाही, असं मोहनराव सगळ्यांना सांगत.

पस्तीस घोंगडी झाली. छत्तिसाव्या दिवाळीला धुळाजी आला नाही, त्याच्या जाण्याची बातमी आली.

मोहनराव पंचाहत्तरीला टेकलेले. खुंटीवरची काठी काढली आणि तीच टेकत माळावर गेले. गवत गुडघ्याएवढं होतं. तो दगड तिथंच होता. भोवतीचा मुरूम उघडाच होता. ओढ्यापल्याड मेंढरं चरत होती आणि आता केस पिकलेली मनकर्णा मोहनरावांना बघून लगबगीनं इकडं येत होती.

मोहनरावांचे डोळे भरून आले. मास्तरची आठवण म्हणून त्यांनी पाय रोवले, श्वास सोडला आणि कोकरू सरकवावं तशी काठी मागं नेली.

खर्रर्र. खर्रर्र. खर्रर्र.

ओढ्यापल्याड एक मान वर झाली. मग दहा. मग सगळा कळप धुरळा उडवत निघाला, मनकर्णाला मागं टाकून थेट मोहनरावांपाशी आला आणि काठीखालचा मुरूम हुंगू लागला.

मनकर्णा धापा टाकत पोचली. तिनं तोंडाला पदर लावला.

“मालक,” ती खाली बघत म्हणाली, “आता शेंगा टाका. न्हाईतर ती हटायची न्हाईत.”