सोनियाचे डोळे

“डोळे चोळू नको म्हणलं ना!” रत्नमालानं लेकीच्या हातावर चापट मारली. खरं तर पोरीचा हात कपाळावरची बट सारायला वर गेला होता. पण रत्नमालाला धीर कुठला! जालना रोडवरच्या त्या डोळ्यांच्या दवाखान्यात तासाभरात ती तीनदा उठली, तीनदा नंबर विचारून आली. आता काउंटरवरची मुलगी तिच्याकडं बघायचंच टाळत होती.

सोनिया पाचवीत. गणितात एकदम तरबेज. आणि गेले पंधरा दिवस गृहपाठात भोपळ्यावर भोपळे! काल बाईंनी रत्नमालाला शाळेत बोलावून घेतलं.

“रीत बरोबर असते हो हिची, आकडेच भलते असतात. चारच्या जागी पाच, नऊच्या जागी एक. फळ्यावरचं मात्र बिनचूक उतरवते. जवळचं दिसत नसेल. डोळे दाखवा, नाहीतर स्कॉलरशिपच्या तुकडीत घेता यायचं नाही.”

तेव्हापासून रत्नमालाच्या घशाखाली घास उतरला नव्हता. तिचे वडील, कन्नडचे सखाराम, काचबिंदूनं आंधळे झाले होते. वेळेवर कुणी तपासलंच नाही. शेवटची पाच वर्षं ते भिंत चाचपत न्हाणीपर्यंत जायचे. हा आजार घराण्यात उतरतो, असं तिला कुणीतरी सांगितलं, आणि सोनिया जन्मल्यापासून तिनं पोरीच्या डोळ्यांवर पहाराच बसवला.

उठल्या उठल्या गार पाण्याचे हबके. ताटात पालक, गाजर, शेवग्याचा पाला. अर्धा तास अभ्यास झाला की गॅलरीतून समोरच्या लिंबाकडं बघायचं. संध्याकाळी उजेड आहे तोवर मैदानात खेळायचं. शेजारच्या दगडाबाईंनी “डोळ्यात मध घाल गं” म्हटलं, तर ही त्यांच्याशी भांडायला उठली होती. आणि मोबाईल? त्याचं तर नावच काढायचं नाही. गेल्या पंधरा दिवसांपासून बाई गणितांचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायला लागल्या होत्या. रत्नमाला फोन हातभर लांब धरून एकेक गणित स्वतः वहीत उतरवायची, मग सोनियानं सोडवायचं. झालं की पुन्हा वही तपासायची. बाकीच्या आया सरळ पोरांच्या हातात फोन देतात, याचा तिला भारी संताप यायचा. “आपल्या हातानं लेकरांचे डोळे घालवतात या बाया!”

एकदाचा नंबर लागला. डॉक्टरीणबाईंनी लांबचं तपासलं, जवळचं तपासलं, हनुवटी टेकवून यंत्रातून बघितलं. सोनियानं कार्डावरची सगळ्यात बारीक ओळ धडाधड वाचून दाखवली.

“डोळे ठणठणीत आहेत हिचे.”

“असं कसं मॅडम? नीट बघा ना! तिच्या आजोबांना काचबिंदू होता. आकडे लई चुकतात तिचे.” रत्नमालानं पिशवीतून वही काढून टेबलावर आदळलीच.

डॉक्टरीणबाईंनी दोन पानं उलटली. “हे गणिताचे आकडे कुणी लिहिलेत?”

“मी. मोबाईलवरून उतरवून देते. तिला नाय देत मी फोन.”

डॉक्टरीणबाईंनी तेच कार्ड तिच्या पुढं केलं. “ताई, आता तुम्ही वाचा बरं.”

रत्नमालानं कार्ड धरलं. थोडं लांब नेलं. आणखी लांब नेलं. हात संपला, पण अक्षरं काही सुटी होईनात, नुसत्या मुंग्या. वरच्या दोन ओळी वाचून ती थांबली. 

“मला... वडिलांसारखं?”

डॉक्टरीणबाईंनी तिला यंत्रापुढं बसवलं. डोळ्यांचा दाब मोजला, औषधाचे थेंब टाकून आतली नस बघितली. तेवढ्या वेळात रत्नमालानं सगळे देव आठवले.

“काचबिंदू नाही,” त्या म्हणाल्या. “वयाचं आहे, जवळचा चष्मा लागेल. पण वडिलांना होता ना? मग तुम्ही दरवर्षी तपासून घ्यायचं. या आधी कधी दाखवले होते डोळे?”

“कधीच नाय,” रत्नमाला पुटपुटली. पोरीच्या डोळ्यांपायी स्वतःच्या डोळ्यांची तिला कधी आठवणच झाली नव्हती. तिला लाज वाटली, आणि लाजेचा राग निघाला तो पोरीवरच.

“काय गं कार्टे! वर्गात सगळ्यांची गणितं वेगळी, तुझी वेगळी. तुला एकदाही कळलं नाय?”

“पहिल्याच दिवशी कळलं,” सोनिया खाली मान घालून म्हणाली. “पण आकडे सुधारले असते, तर वही तपासताना तुला दिसत नाय ते तुलाच कळलं असतं. मग तू रडली असतीस. म्हणून मी तुझीच गणितं सोडवली, मम्मी.”