या पाण्यातला मासा

हातातला दोर ताणला आणि काशीच्या काळजात धस्स झालं.

"भावजी, थांबा. काहीतरी जड हाय."

दामूने वल्ही वर घेतली. होडी हेलकावत उभी राहिली. काशीने डोळे मिटले. नवरा सापडावा म्हणून ती रोज या तलावावर येत होती, आणि दोर जड झाला की तो सापडू नये असंच तिला वाटायचं. एवढ्यात हिसका बसला, पाणी उसळलं आणि हातभर लांबीचा शिवडा वर आला.

"मासा हाय, वहिनी."

"सोडून द्या त्याला. मला दाखवू नका."

तिने तोंड फिरवलं. मागे फळीवर मासा फडफडला आणि थोड्या वेळाने आवाज थांबला.

गळ तिच्या नवऱ्याचा, राघोचाच होता. होडी सावकाश न्यायची, मागे लांब दोर सोडायचा, टोकाला गळ आणि एक चकाकता चमचा. चमचा पाण्यात लुकलुकला की मोठा मासा त्यावर झडप घालायचा. तो चमचाही काशीच्या रुखवतातला. राघोने तो मोडून घेतला म्हणून ती त्याच्यावर चांगली रुसली होती. आता त्याच दोराला तिने आणखी मोठे गळ बांधले होते, राघोच्या कपड्यात तरी एखादा अडकेल म्हणून.

अंबाडीपलीकडच्या धरणाच्या या तलावावर दोघे भाऊ बरोबर गेले आणि धाकटा दामू एकटाच परत आला, चिंब भिजलेला, छाती बडवत. होडी कलली, दादा गेला, माझा हात पोचला नाही. पोलीस येऊन गेले, भिवंडीहून पाणबुडे येऊन गेले. बुडालेला माणूस दोन-तीन दिवसांत वर येतो म्हणतात. राघो आला नाही. खाली जुन्या झाडांच्या खोडांत अडकला असेल, असं लोक म्हणाले आणि आपापल्या कामाला लागले. काशीबरोबर वल्ही मारायला उरला तो दामूच.

गावाची रीत होती. तलावाने माणूस घेतला की तो सापडेपर्यंत त्या पाण्यातला मासा कुणाच्या चुलीवर चढायचा नाही. आपलं माणूस ज्याने खाल्लं असेल, त्याला खायचं कसं? सगळं गाव सुक्या बोंबलावर दिवस काढत होतं. शेजारच्या लडकूने न कळून दोन मासे आणले, तर दामूने ते उकिरड्यावर भिरकावले आणि चारचौघांत ढसाढसा रडला. माशाशिवाय घास न उतरणारा माणूस! काशीचं मन त्या दिवशी निवळलं. त्याआधी रस्त्याकडच्या शेतावरून भावाभावांत चांगलंच वाजलं होतं. दामूला ते गोडाऊनवाल्यांना द्यायचं होतं, राघो ऐकत नव्हता. राघो गेला आणि लगोलग शेतात मुरमाचे डंपर रिकामे व्हायला लागले. काशीने तिकडे बघितलंही नाही. खड्ड्यात गेलं ते शेत. तिला माणूस हवा होता.

ऊन डोक्यावर आलं तशी दामूने होडी मधल्या बेटाला लावली.

"जरा पडा, वहिनी. मी होडीतलं पाणी उपसतो."

करंजाच्या सावलीत, तोंडावर पदर घेऊन ती आडवी झाली आणि तिचा डोळा लागला. जाग आली ती वासाने. भाजल्या माशाचा वास. अर्धवट झोपेत तिला वाटलं, आपण घरीच आहोत, राघो चुलीपुढे बसलाय.

पदराआडून तिने पाहिलं. तीन दगड, काटक्यांची आग, आणि पाठमोरा उकिडवा बसलेला दामू. शेजारी पानावर शिवड्याचं डोकं. बोटं भाजत होती तरी त्याला दम नव्हता. काटे चोखून चोखून तो एकेक बाजूला टाकत होता.

काशीच्या अंगाचा तिळपापड झाला. शिवी ओठांवर आली आणि तिथेच थिजली. शिवीमागून एक विचार आला होता. बेटावर ती आणि तो, दोघंच होते. तिने डोळे गच्च मिटून घेतले.

दामूने विस्तवावर माती लोटली, हात धुतले, मग तिला हाक मारली. "वहिनी, उठा. पलीकडचा काठ ऱ्हायलाय."

"नको भावजी. आज घरी चला."

"मी तर कवाचा सांगतोय," तो मायेने म्हणाला. "पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळू, दादाचे दिवस उरकून टाकू."

"व्हय," ती म्हणाली. परतताना तिने दोर पाण्यात सोडलाच नाही. राघोचा चमचा तिने मुठीत इतका आवळून धरला होता की तळव्यावर वळ उठला.

काठावर धोंडूबाई बसली होती. दोघा भावांची आई. रोज याच दगडावर बसायची. बाया धुणी आवरत होत्या, लडकू आणि दोघे-तिघे जाळं सुकवत होते.

"गावला का गं माझा राघो?"

काशी होडीतून उतरली. माणसं आहेत, हे तिने आधी नीट पाहून घेतलं.

"आत्या, भावजींनी आज बेटावर मासा भाजून खाल्ला. ह्याच पाण्यातला."

धुणी थांबली. दामू हसायला गेला. "काय बोलताय वहिनी? ऊन लागलंय तुम्हांला."

धोंडूबाई दगडाला हात टेकून उठली. लहानपणी धरायची तसा तिने दामूचा उजवा हात धरला आणि नाकाशी नेला. बराच वेळ तिने तो सोडला नाही. तिच्या डोळ्यांना धार लागली होती, पण आवाज मात्र कोरडा होता.

"दामू," ती म्हणाली, "राघो पाण्यात न्हाय, ह्ये तुला कसं ठाव?"