चंद्रोदयाआधी

“इन्सुलिन घेतलं आणि वर काही खाल्लंच नाही? का?” तरुण डॉक्टर मुलीने हिंदीत विचारलं.

मंगलाला कारण ठाऊक होतं. सांगायचं कसं ते कळत नव्हतं. आज संकष्टी आहे, एवढं सांगता आलं असतं. पण संकष्टी मंगलाची आणि उपाशी राहिली नूरबानू, हे त्या केरळच्या पोरीला कसं पटवणार? विसरली असेल, एवढंच ती म्हणाली.

साखर वर येतेय, थोड्या वेळात बोलायला लागतील, असं सांगून डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेली. ओमानमधल्या सोहारच्या त्या हॉस्पिटलात इमर्जन्सीच्या खोलीला खिडकी नव्हती. पडदे, खाटा आणि पांढरी ट्यूबलाइट. नूरबानूच्या हातात सलाईनची सुई होती. डोळे मिटलेले होते. मंगला स्टुलावर बसून राहिली. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. तिचा नवरा रमण प्लांटवर होता, ड्यूटी सुटेपर्यंत त्याचा फोन लागत नसे. नूरबानूचा नवरा महमूद दुकानाच्या कामाला इब्राला गेलेला. निघालो, पोचतो इन्शाल्ला, एवढं बोलून त्याने फोन ठेवला होता.

दोघी समोरासमोरच्या दारांत राहायच्या. मंगला गुहागरची, नूरबानू श्रीवर्धनची. ओळख जुनी, पण खरा जीव जडला तो दुखण्यांमुळे. मंगलाच्या पोटातली गाठ काढून केमो सुरू झाली, त्याच सुमारास नूरबानूच्या पायाची जखम भरेनाशी झाली. एकीला उलटी आली की दुसरी भांडं धरायची. दुसरीच्या पायाची पट्टी पहिली बदलायची. आणि बोलणं मात्र देवाधर्माचं. तुझा बाप्पा विघ्न दूर करतो, तर मुळात पाठवतो कोण, असं नूरबानू विचारी. तुझ्या अल्लाला सगळं कळतं, तर त्याला दिवसातून पाच वेळा सांगावं का लागतं, असं मंगला विचारी. दोघी हसत आणि चहा टाकत.

गेल्या रमजानात डॉक्टरांनी नूरबानूचे रोजे बंद केले, तेव्हा ती दार लावून रडली होती. मंगलाची केमो तेव्हा संपली होती, अंगात जरा जीव आला होता. शेवटच्या जुम्म्याचा रोजा तिने नूरबानूसाठी धरला. पाण्याचा थेंबसुद्धा घेतला नाही. “दुसऱ्याने धरलेला रोजा अल्लाच्या दारी चालत नाही गो,” इफ्तारला तिच्यापुढे ताट ठेवत नूरबानू म्हणाली होती. “पण मला चालतो.”

मग गाठ परत आली. नवं औषध सुरू झालं आणि मंगलाची संकष्टी सुटली. लग्नापासून कधी न मोडलेली. स्कॅनमध्ये काय निघालं ते सांगायला डॉक्टरांनी नेमकं संकष्टीच्या दिवशीच बोलावलंय, हे कळल्यावर नूरबानू म्हणाली, ही संकष्टी मी धरते. मंगलाने तिला झापलं. शपथ घातली. बरं बाई, नाही धरत, असं म्हणून नूरबानूने विषय बदलला. मोदकांची उकड कशी काढतात, ते तेवढं विचारून घेतलं.

आज सकाळी मंगला एकटीच डॉक्टरांकडे गेली होती. नेहमीचीच तपासणी आहे असं सांगून तिने रमणला कामावर पाठवलं होतं. डॉक्टर फार जपून बोलले. औषध लागू पडलेलं नाही. आता देण्यासारखं आमच्याकडे काही उरलेलं नाही. गावी जा, आपल्या माणसांत राहा. घरी येताना तिने ठरवलं, आधी नूरबानूला सांगायचं. तिच्याजवळ रडून घेतलं की रमणला सांगायचं बळ येईल. म्हणून ती समोरची बेल वाजवत राहिली, आणि शेवटी आपल्याकडच्या किल्लीने दार उघडून आत गेली.

ओट्यावर ओल्या फडक्याखाली उकड मळून ठेवलेली होती. खाली फरशीवर नूरबानू पडली होती, घामाने चिंब.

आता तिच्या पापण्या हलल्या. नर्सने ज्यूसचा ग्लास ओठांशी नेला, तशी तिने मान फिरवली. तिची नजर मंगलाला शोधत होती.

“चंद्र निघाला काय गो?”

“निघाला,” मंगला म्हणाली. “मी पाहिला. घे आता.”

नूरबानू दोन्ही हातांनी ग्लास धरून घटाघटा प्यायली. जरा दम घेऊन तिने हळूच विचारलं, डॉक्टर काय म्हणाले.

मंगलाने तिच्या अंगावरची चादर सारखी केली. “चांगलं म्हणाले. औषध लागू पडलंय.”

नूरबानूचा चेहरा असा उजळला, की मंगलाला तिच्याकडे पाहवेना. तिने अल्लाचे आभार मानले. मग जरा थांबून, हात जोडावेत की पसरावेत ते न कळल्यासारखी, बाप्पाचेही मानले.

पलीकडच्या खाटेवर एक ओमानी म्हातारी होती. तिच्या उशाशी फोनवर अजान सुरू झाली. पडद्याआडून तिच्या मुलीचा आवाज आला, “यम्मा, असर.”

मंगला जागच्या जागी गोठली. असर म्हणजे दुपार कलतानाची नमाज. चंद्र निघायला अजून सबंध संध्याकाळ जायची होती.

नूरबानूने डोळे मिटून अजान शेवटपर्यंत ऐकली. ती रागावली नाही. सुई टोचलेल्या हातानेच तिने मंगलाचा हात धरला आणि आपल्या छातीशी ओढून घेतला.

“आता सांग,” ती म्हणाली, “डॉक्टर खरं काय म्हणाले?”